अचलेचें चलन

आपल्या कोशकारांनीं पृथ्वीस जीं अनेक नांवें दिलीं आहेत त्यांत 'अचला' आणि 'स्थिरा' हीं दोन आहेत. आणि पर्वतास दिलेल्या नांवांत 'अचल', 'अहार्य' व 'महीध्र' हीं तीन आहेत. अचल म्हणजे न हलणारा, अहार्य म्हणजे कोणास उचलून नेतां न येणारा, आणि महीध्र म्हणजे पृथ्वीला धारण करणारा. अमरकोश ज्यांनीं लहानपणीं पाठ केला त्यांस हीं नांवें मुखोद्गत असत, व त्यांच्या अर्थाविषयीं शंका घेण्याचें कारण कोणास वाटत नसे. कारण मनुष्याच्या आयुष्याच्या मानानें डोंगर हलत नाहीं हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु गेल्या तीसपस्तीस वर्षांत पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या उपग्रहांच्या साह्यानें जीं मोजमापें झालीं आहेत, त्यांमुळें ह्या पांचही नांवांचा अर्थ पुन्हां तपासून पाहणें भाग पडलें आहे. हैदराबाद व बंगळूर येथें खडकांत पक्कीं बसविलेलीं मापनकेंद्रें दरवर्षी सुमारें पांच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहेत. पुणें, नाशिक, नागपूर व पणजी हीं शहरेंही त्याच भूपट्टावर वसलेलीं आहेत. म्हणजे तेथील घरें अंगणांतल्या तुळशीवृंदावनासह वर्षास दोन इंच ईशान्येस चाललीं आहेत! शेजाऱ्याचें घरही त्याच वेगानें जात असल्यामुळें तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं, इतकेंच.

हा प्रवास कोठेंतरी अडणें क्रमप्राप्तच आहे. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं हिंदुस्थानचा भूभाग आशियास येऊन भिडला, आणि तेव्हांपासून तो उत्तरेस रेटीतच आहे. त्या रेट्यानें पुढें हिमालय उभा राहिला व त्याच्या पाठीमागें तिबेटचें पठार उचललें गेलें. ह्या पठाराचा विस्तार सुमारें २५ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या आठपट आहे. आणि त्याची सरासरी उंची सुमारें ५,००० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिप्पट आहे. एवढी विस्तीर्ण भूमि एवढ्या उंचीवर कशाच्या आधारानें राहिली आहे, तिच्या पोटांत काय चाललें आहे, तें आकाशांतून कसें कळतें, आणि पठाराच्या कडेला राहणाऱ्या कोट्यवधि माणसांच्या जीविताशीं त्याचा काय संबंध आहे, हें यथाशक्ति सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

एक जुनें कोडें

ह्या शास्त्राचा आरंभ उपग्रहांच्या फार पूर्वीं, आणि तोही हिंदुस्थानांतच, एका साध्या ओळंब्यापासून झाला. एकोणिसाव्या शतकांत जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखालीं देशाची त्रिकोणमितीय मोजणी चालू असतां दिल्लीच्या उत्तरेस मुझफ्फरनगरजवळील कलियाना आणि मध्य हिंदुस्थानांत सिरोंजजवळील कलियानपूर ह्या दोन ठिकाणांचें दक्षिणोत्तर अंतर दोन रीतींनीं काढण्यांत आलें. पहिली रीत जमिनीवर पायारेषा आंखून त्रिकोणांची मालिका मोजण्याची, आणि दुसरी ताऱ्यांचे वेध घेऊन दोन्ही ठिकाणांचे अक्षांश ठरविण्याची. दोन्ही उत्तरें जुळावयास पाहिजे होतीं. तीं जुळलीं नाहींत. त्यांत ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारें १६० मीटरांचा फरक पडला.

ताऱ्यांचे वेध घेतांना ऊर्ध्व दिशा ओळंब्यानें ठरवितात. ज्या ठिकाणाजवळ हिमालयासारखा प्रचंड राशि आहे तेथें ओळंबा सरळ खालीं न राहतां किंचित् पर्वताकडे ओढला जाणार, हें उघड आहे. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्मोपदेशक असून गणितांतही निष्णात होते. हिमालय व त्यामागील पठार यांच्या आकर्षणानें ह्या दोन ठिकाणांच्या वेधांत किती फरक पडावा याचा हिशेब त्यांनीं केला, आणि तो १८५५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांचें उत्तर आलें १५.८८५ विकला! म्हणजे हिशेबाप्रमाणें पर्वतानें जेवढें ओढावयास पाहिजे होतें त्याच्या केवळ तृतीयांश तो ओढीत होता. पर्वत डोळ्यांना दिसत होता. पण त्याचें उरलेलें वजन गेलें कोठें?

ह्या कोड्याचें एक उत्तर त्याच वर्षीं इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं दिलें. पाण्यावर तरंगणाऱ्या लांकडी ओंडक्यांच्या तराफ्याकडे पाहा, असें त्यांचें म्हणणें होतें. जो ओंडका इतरांपेक्षां पाण्याबाहेर अधिक उंच दिसतो तो पाण्याखालींही अधिक खोल गेलेला असतो. त्याचप्रमाणें उंच पर्वताखालीं हलक्या खडकाचें एक मूळ खालच्या जड प्रावरणांत खोलवर बुडालेलें असलें पाहिजे. तेथें जड खडकाची जागा हलक्या खडकानें घेतल्यामुळें पर्वताची एकंदर ओढ कमी भरते. प्रॅट यांनीं पुढें १८५९ मध्यें दुसरें उत्तर सुचविलें, कीं मूळ खोल नसून पर्वताखालील खडकच विरळ आहे. भूकंपाच्या लहरींवरून नंतर जें कळलें तें तिबेटपुरतें एअरींच्या बाजूचें आहे. सामान्यतः भूखंडाचें कवच ३५ किलोमीटरांच्या आसपास जाड असतें. तिबेटखालीं तें सुमारें ७० किलोमीटर आहे. तेव्हां 'महीध्र' ह्या नांवाचा अर्थ उलट करून घेणें प्राप्त झालें. पर्वतानें पृथ्वी उचलून धरलेली नाहीं. पर्वतालाच त्याच्या बुडालेल्या मुळानें उचलून धरलें आहे.

गुळाची ढेप

कवच इतकें जाड झालें म्हणजे आणखी एक गोष्ट घडते. पृथ्वीच्या पोटांत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढत जाते, आणि पुरेशा उष्णतेंत खडक वितळला नाहीं तरी मऊ पडतो. घन पदार्थ वाहतो हें ऐकून विद्यार्थी हंसत. तेव्हां शाळेंत हा भाग समजावून देतांना मी गुळाच्या ढेपीचें उदाहरण देत असें. ढेपेवर बत्त्याचा घाव घातला तर तिचे खडे उडतात. पण तीच ढेप वैशाखाच्या उन्हाळ्यांत कोठीघरांत तशीच राहूं द्यावी, तर महिन्याभरांत ती आपल्याच भारानें बसते व बुडाशीं पसरते. एकच पदार्थ घावाखालीं फुटतो आणि सावकाशीनें वाहतो. खडकाचेंही तसेंच आहे. वरचें थंड कवच ताण असह्य झाला म्हणजे तुटतें, तोच भूकंप. खालचें तापलेलें कवच तुटत नाहीं, सरकतें. मात्र त्याचा घट्टपणा मधाहून सुमारें अब्ज गुणिले अब्ज पटींनीं अधिक आहे; म्हणून हें सरकणें वर्षांत मिलिमीटरांनीं व सेंटिमीटरांनींच मोजावयाचें.

आतां अशा मऊ थरावर पांच किलोमीटर उंचीच्या पठाराचा भार पडला तर काय होईल? घरांतील स्त्रियांस हें सांगावयास नको. पुरण सैल झालें असेल तर पोळी लाटतांना तें पारीच्या आंतल्या आंत कडेकडे सरकतें, आणि जेथें त्यास पुढें जातां येत नाहीं तेथें जमून पोळीची कड फुगते. तिबेटच्या पोटांत असेंच कांहीं घडत असावें, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. त्याचा विचार पुढें येईल. आधीं मोजण्याचीं साधनें पाहूं.

आकाशांतील तीन साधनें

उपग्रह जमिनीच्या आंत पाहूं शकत नाहीं, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. तो पृष्ठभागाची हालचाल अथवा आकर्षणांतील फरक मोजतो. आंतील गोष्ट त्यावरून अनुमानानें काढावयाची असते. वैद्य जसा मनगटावर तीन बोटें ठेवून शरीरांतील विकार ओळखतो, तसाच हा प्रकार आहे.

पहिलें साधन जी. पी. एस. हें आतां खिशांतल्या टेलिफोनांतही असतें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सूक्ष्म कालमापनासह लहरी पाठवितात, आणि त्या पोंचावयास किती वेळ लागला यावरून ग्राहकयंत्र स्वतःचें स्थान ठरवितें. टेलिफोनाची चूक कांहीं मीटरांची असते. परंतु खडकांत रोवलेल्या खांबावर उत्तम यंत्र बसवून, लहरींची अवस्थाच मोजून व वातावरणामुळें होणारा विलंब वजा करून वर्षानुवर्षें नोंदी ठेवल्या, तर त्या खांबाची वार्षिक गति एका मिलिमीटराच्या आंतबाहेर काढतां येते. अडचण एवढीच, कीं ज्या ठिकाणीं खांब आहे त्याच ठिकाणाची गति कळते.

ही उणीव दुसरें साधन, म्हणजे रडारचें व्यतिकरण, भरून काढतें. उपग्रह जमिनीवर रडारच्या लहरी सोडतो व परत आलेल्या लहरींची अवस्था नोंदवितो. कांहीं दिवसांनीं त्याच जागेवरून पुन्हां नोंद घेतो. मधल्या काळांत जमीन हलली असेल तर दोन नोंदींची वजाबाकी करतांच नकाशावर रंगांचीं वलयें उमटतात. युरोपच्या 'सेंटिनेल-१' उपग्रहांच्या लहरीची लांबी सुमारें ५.६ सेंटिमीटर असून लहर जाऊन परत येत असल्यामुळें प्रत्येक वलय २.८ सेंटिमीटरांची हालचाल दाखवितें. ह्या रीतीनें एखाद्या भूकंपाचा संपूर्ण नकाशा प्रथम निघाला तो कॅलिफोर्नियांतील लँडर्स येथील १९९२ च्या भूकंपाचा. तो १९९३ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि जेथें मोजणीदार कधीं जाऊं शकला नसता अशा निर्जन प्रदेशांची मोजणी त्यामुळें शक्य झाली.

तिसरें साधन प्रॅटसाहेबांच्या ओळंब्याचें वंशज म्हणावें लागेल. १७ मार्च २००२ रोजीं 'ग्रेस' नांवाची उपग्रहांची जोडी सोडण्यांत आली. सुमारें २२० किलोमीटर अंतर राखून हे दोन उपग्रह एकामागून एक धांवत. खालीं अधिक वस्तुमान आलें कीं पुढचा आधीं ओढला जाई व दोहोंमधील अंतर किंचित् वाढे. हा फरक केसाच्या जाडीहूनही लहान असला तरी तो मोजला जाई. ही जोडी २०१७ पर्यंत चालली, आणि २२ मे २०१८ पासून तिच्या जागीं दुसरी जोडी आली. ओळंब्यानें दोन ठिकाणांचें कोडें घातलें होतें. ह्या जोडीनें सर्व पृथ्वीचा नकाशा महिन्यामहिन्यास काढला. २००९ ते २०१३ ह्या काळांत केवळ २५५ किलोमीटरांच्या आसपास उंचीवरून फिरलेल्या 'गोचे' उपग्रहानें आकर्षणाचे आणखी बारीक फरक टिपले. अशा मोजमापांवरून तिबेटखालीं कवचाचा तळ कोठें किती खोल आहे, व तो सपाट नसून त्यास घड्या पडल्या आहेत, हें अजमावतां आलें.

पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

साधनें हातीं आल्यावर एका जुन्या वादाचा निकाल लागेल अशी आशा उत्पन्न झाली. वाद असा होता. फ्रान्समधील पॉल तापोनिए आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८२ मध्यें मुलांच्या खेळण्यांतील रंगीत मऊ मातीच्या गोळ्यांत एक कठीण ठोकळा दाबून दाखविला. ठोकळा आंत शिरतांच मातीला लांब चिरा पडल्या व तिचे मोठे तुकडे त्या चिरांवरून बाजूस निसटले. आशियाचें असेंच झालें आहे, असा त्यांचा पक्ष होता. हिंदुस्थान हा ठोकळा. आणि तिबेट व चीन यांचे कठीण तुकडे मोठमोठ्या प्रस्तरभंगांवरून पूर्वेस ढकलले जात आहेत. त्याच वर्षीं इंग्लंडांत फिलिप इंग्लंड व डॅन मॅकेन्झी यांनीं विरुद्ध पक्ष मांडला, कीं एवढ्या मोठ्या प्रदेशाचा विचार करतांना भूखंड हा तुकड्यांचा बनलेला न मानतां एक घट्ट, वाहता पापुद्रा मानावा.

मोजमापें काय सांगतात? हिंदुस्थान आशियाच्या मानानें वर्षास साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर पुढें सरकतो. त्यांतील सुमारें दोन सेंटिमीटर हिमालयांतच जिरतात, असें १९९७ मध्यें नेपाळांतील जी. पी. एस. मोजणीवरून प्रसिद्ध झालें. उरलेला रेटा तिबेटांत व त्याच्याही उत्तरेस वांटला जातो. पठाराचा मध्य व पूर्व भाग वर्षास सुमारें दोन सेंटिमीटर पूर्वेकडे सरकतो, आणि सिचुआनच्या कठीण खोऱ्याशीं पोंचतांच दक्षिणेस वळून हिमालयाच्या पूर्व टोंकाभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतो. नदीच्या प्रवाहांत मोठा धोंडा आला म्हणजे पाणी जसें वळसा घेतें तसेंच हें आहे. २००४ मध्यें ५५३ केंद्रांच्या नोंदी एकत्र करून जो नकाशा निघाला त्यांत गति एका प्रस्तरभंगाशीं एकदम बदलत नसून क्रमाक्रमानें बदलत असल्याचें दिसलें. लडाखमध्येंही बंगळूरच्या संशोधकांनीं त्याच सुमारास हीच परीक्षा केली. तुकड्यांच्या पक्षाप्रमाणें काराकोरमच्या प्रस्तरभंगावर वर्षास तीनएक सेंटिमीटर सरक असावयास पाहिजे होती. ती कांहीं मिलिमीटरांचीच भरली.

ह्यावरून वाहत्या पक्षाचें पारडें जड झालें. पण तें कोणत्या थरांत वाहतें? अमेरिकेंतील ली रॉयडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ मध्यें, व मॅरिन क्लार्क यांच्यासह पुन्हां २००० मध्यें, असें प्रतिपादन केलें कीं पूर्व तिबेटांत कवचाचा खालचा मऊ थर वरच्या थराखालून स्वतंत्रपणें पूर्वेकडे दाबला जात आहे. ह्यानें एका विचित्र गोष्टीचा उलगडा होत होता. सिचुआनच्या बाजूस लाँगमेन पर्वत केवळ ५० किलोमीटरांच्या अंतरांत ४,००० मीटरांहून अधिक भिंतीसारखा चढतो; उलट आग्नेयेस युनानच्या बाजूस पठार शेंकडों किलोमीटर हळुहळू उतरत जातें. रॉयडन-क्लार्क मतानें, जेथें समोर थंड व कठीण खोरें आहे तेथें प्रवाह अडून साचतो व कड वर उचलतो. जेथें समोरचें कवचही मऊ आहे तेथें तो दूरवर पसरतो. फुगलेल्या कडेची पुरणपोळी ती हीच.

खोलीची साक्ष

वाचक विचारतील, कीं पृष्ठभागाची गति कळली तरी खालचा थर मऊ आहे याला पुरावा काय? पुरावा निसर्गच अधूनमधून आणून देतो. १४ नोव्हेंबर २००१ रोजीं उत्तर तिबेटांत कुनलुन पर्वताच्या पायथ्याशीं ७.८ प्रतीचा भूकंप झाला व जमीन सुमारें ४०० किलोमीटर लांब फाटली. भूकंप मिनिटादोन मिनिटांत संपला. परंतु भोंवतालची जमीन पुढें कित्येक वर्षें संथपणें सरकत राहिली, आणि ती जी. पी. एस. व रडार ह्या दोहोंनींही टिपली. वरचें कवच एकदम तुटल्यामुळें खालच्या थरावर जो नवा ताण आला तो फेडण्यासाठीं तो थर हळुहळू वाहूं लागतो, आणि त्याच्याबरोबर वरची जमीनही ओढली जाते. ही ओढ किती दूरपर्यंत पोंचते व किती वर्षांत मंदावते यावरून खालचा थर किती खोल आहे व किती घट्ट आहे याचें गणित मांडतां येतें. फाटलेल्या भेगेवर नंतरही होत राहणारी थोडीथोडी सरक ह्या हिशेबांत मिसळते. तेवढी ती वेगळी काढावी लागते.

दुसरा पुरावा एका सरोवराचा आहे. मध्य तिबेटांतील सिलिंग सरोवराचें पाणी २००० ते २००६ ह्या काळांत वर्षास सुमारें एक मीटर चढत होतें. पाण्याच्या वाढत्या भारानें कांठची जमीन वर्षास कांहीं मिलिमीटर खचत असल्याचें रडारच्या जुन्या नोंदींत सांपडलें. गादीवर बसलें असतां ती किती व कशी दबते यावरून आंतला कापूस कसा आहे हें जसें समजतें, तशीच ही परीक्षा होय. आणि तिच्यांतही खालचें कवच मऊ असल्याचेंच उत्तर निघालें. ह्याशिवाय जमिनीवरील प्रयोगांची साक्ष आहेच. कृत्रिम स्फोटांच्या लहरी व विद्युत्प्रवाहाचें मापन यांवरून दक्षिण तिबेटांत मधलें कवच अंशतः वितळलें असावें, असें १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें होतें.

अडचणी मात्र लहान नाहींत. पावसाळ्यांत गंगेच्या मैदानावर जें पाणी पडतें त्याच्या वजनानें नेपाळांतील केंद्रें खालीं दबतात व हिंवाळ्यांत पुन्हां वर येतात. हा श्वासोच्छ्वास वर्षाकाठीं सेंटिमीटरभर असतो. आकर्षण मोजणाऱ्या जोडीस तर हिमनद्यांचें वितळणें, सरोवरांचें भरणें व भूजलाचा उपसा हें सर्व एकत्रच जाणवतें. भाजीसकट पिशवी तोलली व पिशवीही ओली असली, तर भाजी किती हें ओलाव्याचें वजन वजा केल्याशिवाय सांगतां येत नाहीं. पाण्याचें वजन कांहीं महिन्यांत बदलतें, खडकाचें कांहीं सहस्रकांत. म्हणून पंधरावीस वर्षांच्या नोंदींतून खडकाची गोष्ट वेगळी काढणें हें ह्या शास्त्रांतील सर्वांत नाजूक काम आहे.

मंद म्हणजे निर्धोक नव्हे

आतांपर्यंतचें विवेचन कोणास केवळ पंडितांचें कुतूहल वाटेल. तसें तें नाहीं हें १२ मे २००८ रोजीं दिसून आलें.

वर सांगितलेल्या लाँगमेन पर्वताच्या पायथ्याशीं जी. पी. एस. केंद्रें होतीं. त्यांच्या नोंदींप्रमाणें तेथें पर्वत व खोरें एकमेकांकडे वर्षास तीन मिलिमीटरांहूनही कमी वेगानें सरकत होते. पठाराच्या इतर भागांत सेंटिमीटरांच्या गति असतां ही गति नगण्य दिसे, आणि एवढ्या मंद जागीं फार मोठ्या भूकंपाची अपेक्षा थोड्यांनाच होती. त्या दिवशीं दुपारीं अडीचच्या सुमारास ७.९ प्रतीचा भूकंप त्याच पर्वतांत झाला. सुमारें ६९,००० माणसें मेलीं आणि १८,००० बेपत्ता झालीं. वेळ शाळेची होती. कितीएक शाळांच्या इमारती मुलांसह कोसळल्या. मृत व बेपत्ता विद्यार्थ्यांची संख्या पांच हजारांहून अधिक असल्याचें तेथील सरकारनेंच पुढील वर्षीं जाहीर केलें. ज्यानें आयुष्यभर वर्गांत उभें राहून हजेरी घेतली त्याला हा आंकडा नुसता आंकडा म्हणून वाचतां येत नाहीं.

गति मंद होती हें माप बरोबरच होतें. फक्त तें कशाचें माप आहे हा प्रश्न अपुरा विचारला गेला. खालचा थर आंतल्या आंत साचून वरच्या कवचावर ताण चढवीत असेल, तर पृष्ठभागावर त्याची आडवी गति थोडीच दिसणार. दुसऱ्या पक्षानें ह्याच भूकंपाचा निराळा अर्थ लाविला. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दाखविण्यांत आलें, कीं खडकांचे थर एकावर एक चढून कवच आखडल्यानेंही हा पर्वत उंच झालेला असूं शकतो. त्यासाठीं खालच्या प्रवाहाची गरज नाहीं. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु गृहस्थाला उपयोगी पडणारा धडा दोन्ही पक्षांत एकच आहे. ताण हा सावकाराच्या व्याजासारखा असतो. दर कमी असला म्हणजे कर्ज लहान असतें असें नाहीं. तें किती वर्षें थकलें आहे हेंही पाहावें लागतें. वर्षास दोन मिलिमीटर असे दोन हजार वर्षें साचले तर त्यांचे चार मीटर होतात, आणि तेवढी वसुली एका क्षणांत होऊं शकते.

आपल्या दाराशीं

हाच हिशेब हिमालयास लावून पाहिला म्हणजे मन गंभीर होतें. तेथील दर दोन मिलिमीटरांचा नसून दोन सेंटिमीटरांचा आहे. शंभर वर्षांत दोन मीटर. हिमालयाखालील मोठी भेग वरच्या भागांत घट्ट अडकलेली असून खोल, तापलेल्या भागांत ती सावकाश सरकत असते. वर न सरकलेलें अंतर ताण म्हणून सांठतें. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहार व नेपाळांत त्याची वसुली झाली व दहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. १५ ऑगस्ट १९५० रोजीं आसामांत ८.६ प्रतीचा भूकंप झाला. २५ एप्रिल २०१५ रोजीं नेपाळांतील गोरखा येथें ७.८ प्रतीचा भूकंप होऊन सुमारें नऊ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. ह्या शेवटच्या खेपेस उपग्रह वर हजर होते. अवघ्या कांहीं दिवसांत रडारच्या नकाशानें सांगितलें, कीं काठमांडूच्या आसपासची जमीन जवळजवळ मीटरभर वर उचलली गेली असून उत्तरेकडील पर्वत मात्र किंचित् खालीं बसला आहे. त्याच नकाशावरून हेंही कळलें, कीं भेग दक्षिणेस जमिनीच्या पृष्ठापर्यंत फुटलीच नाहीं. म्हणजे कर्जाचा कांहीं भाग फिटला, सर्व नव्हे.

ह्या कामांत आतां आपल्या देशाचाही मोठा वांटा आहे. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा उपग्रह सोडण्यांत आला. भारत व अमेरिका यांच्या ह्या संयुक्त उपग्रहावर दोन लांबींच्या लहरींचीं दोन रडारें आहेत. लांब लहरींचें अमेरिकेनें व आंखूड लहरींचें आपण सिद्ध केलें आहे. सुमारें ७४७ किलोमीटर उंचीवरून तो दर बारा दिवसांनीं त्याच जागेवर परत येतो. त्याची लांब लहर २४ सेंटिमीटरांची असल्यामुळें ती झाडींतून पार होते. हिमालयाच्या दक्षिण उतारावरील अरण्यें पूर्वींच्या आंखूड लहरींच्या रडारांस पडद्यासारखीं आड येत; ती अडचण ह्यानें बरीच कमी होईल.

तथापि ह्या साधनांकडून काय मागावें व काय मागूं नये हें कळलें पाहिजे. पंचांगांत ग्रहणाचा स्पर्श व मोक्ष घटिकापळांसह देतां येतो, कारण चंद्रसूर्यांची गति मोकळ्या आकाशांत आहे. भूकंपाची तिथि कोणताही उपग्रह देऊं शकत नाहीं. जो ती देतो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. उपग्रह देतो ती खतावणी, म्हणजे कोणत्या भागाचें किती येणें थकलें आहे त्याची नोंद. ती पाहून कोठें शाळा बांधावी, तिचे खांब किती मजबूत असावे, जुन्या इमारतींपैकीं कोणती आधीं सावरावी, हें ठरविणें हें माणसाचें काम आहे. डेहराडूनपासून गुवाहाटीपर्यंत पर्वताच्या पायथ्याशीं जीं गांवें व शहरें आहेत त्यांतील शाळांत आज लक्षावधि मुलें बसलेलीं असतील. आणि त्यांच्या पायांखालची जमीन ह्या वर्षींही, गतवर्षींप्रमाणेंच, दोन सेंटिमीटरांचा ताण मुकाट्यानें सांठवीत आहे.